घराच्या कामाचे पैसे कॉन्ट्रॅक्टरला कधी आणि किती द्यायचे?

उंबरठा

नमस्कार मंडळी. राहत्या घराचं काम काढतोय, आयुष्यात पहिल्यांदाच. दोन्ही बाथरूम फोडून नवीन करायच्यात, स्वयंपाकघराचा ओटा आणि खालची-वरची कपाटं, तीन खिडक्या, थोडं वायरिंग आणि शेवटी सगळ्या घराला रंग. तिघांकडून कोटेशन घेतली. त्यातल्या एकाची झालेली दोन कामं प्रत्यक्ष जाऊन बघितली, सफाई खरंच चांगली वाटली, माणूसही शांत आहे, फोन उचलतो. पण त्याची पैशाची अट अशी: ५० टक्के काम सुरू करायच्या आधी, ४० टक्के "अर्धं काम झाल्यावर" आणि उरलेले १० टक्के शेवटी.

बायको म्हणते अजून एक वीट हलली नाही तर निम्मे पैसे कशाबद्दल? तो म्हणतो मटेरियल एकदम उचलावं लागतं आणि सगळेच असं घेतात. मला दोघांचंही पटतं हा माझा प्रॉब्लेम आहे.

तर तुम्ही लोकांनी किती अॅडव्हान्स दिलात, मधले हप्ते कशावर ठरवलेत आणि शेवटी किती पैसे हातात ठेवलेत? आणि हे सगळं लेखी मागितलं तर माणूस दुखावतो का हो? काम सुरू व्हायच्या आधीच संबंध बिघडवायचे नाहीयेत.

जुनाखांब

१० टक्के. त्याच्या वर एक पैसा देऊ नका. आधी काम मग दाम.

सावली

उंबरठा, मी काय केलं ते सांगते, तसं अजिबात करू नका.

आम्ही तारखेवर पैसे दिले. दर १ तारखेला आणि १५ तारखेला ठरलेली रक्कम. तेव्हा वाटलं किती सोपं आहे, त्यालाही कळतं कधी पैसे येणार, आपल्यालाही सोय करता येते. पहिले दोन महिने काम जोरात चाललं. मग सुतार येईना, त्याच्या घरी लग्न, मग लॅमिनेट मिळेना, मग आणखी काहीतरी, पण तारीख आली की पैसे जातच होते कारण ठरलंच तसं होतं ना, आणि तो मागायचा इतक्या नम्रपणे की नाही म्हणवेना. एक दिवस वहीत बेरीज केली तर ८५ टक्के गेले होते आणि स्वयंपाकघरातल्या कपाटांना एकही शटर (दार) नव्हतं, एका बाथरूमचं दार नव्हतं, रंगाचा तर अजून हातही लागला नव्हता. त्याला दुसरीकडे मोठं काम मिळालं होतं. माझ्याकडे उरलेल्या १५ टक्क्यांसाठी ते काम सोडून येणं त्याला परवडत नव्हतं, इतकी साधी गोष्ट होती. भांडण नाही, काही नाही, नुसतं "उद्या माणसं पाठवतो".

शेवटी दुसरा सुतार शोधला. तीन जणांनी तर दुसऱ्याच्या अर्धवट कामाला हातच लावणार नाही म्हणून सांगितलं. चौथ्याने घेतलं पण आधीची मापं जुळत नाहीत म्हणून कपाटांचे दोन खोके उघडून परत केले, त्याचे वेगळे पैसे. जे काम मूळ कोटेशनमध्ये ३० टक्क्यांचं होतं ते मला जवळजवळ ५० टक्क्यांना पडलं.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगते, तारखेशी पैसे बांधू नका. कॅलेंडर आपोआप पुढे जातं, काम जात नाही.

हिशोबी

सावली, शेवटचं वाक्य एकदम बरोबर.

उंबरठा, तुमच्या ५०-४०-१० मध्ये मला ५० पेक्षा ४० ची जास्त काळजी वाटते. "अर्धं काम झाल्यावर" म्हणजे नक्की कधी? दिवस अर्धे झाल्यावर, का खर्च अर्धा झाल्यावर? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोडफोड, राडारोडा काढणं, पाईप टाकणं, भिंतीत वायरिंगच्या खाचा पाडणं यात दिवस खूप जातात, धूळ खूप होते, घर बघून वाटतं केवढं काम झालंय, पण पैशाच्या मानाने तो भाग लहान असतो. महागडं सगळं नंतर येतं.

माझ्या घराच्या वेळी मी कोटेशनचे शंभर भाग करून बसलो होतो. तोडफोड ५, पाईप आणि वायरिंग १५, वॉटरप्रूफिंग १०, फरशी आणि भिंतीच्या टाईल्स २०, ओटा आणि कपाटं ३०, रंग १२, नळ-दिवे-फिटिंग ८. म्हणजे फरशी बसून संपली त्या दिवशी झालेलं काम बरोबर ५०. आता तुमच्या अटीप्रमाणे त्या दिवशी तुम्ही ९० देऊन बसलेले असाल. तुमच्या हातात १० आणि बाकी काम ५० चं. तो माणूस देवमाणूस असला तरी आजारी पडू शकतो, त्याचा सुतार सोडून जाऊ शकतो. त्या ५० च्या कामासाठी नवीन माणूस ६०-७० मागणार, सावलींचा अनुभव वर आहेच.

म्हणून प्रश्न "अॅडव्हान्स किती" हा नाहीच. कुठल्याही दिवशी, आज हा माणूस आला नाही तर माझ्या हातातल्या पैशात दुसऱ्याकडून काम पुरं होईल का, हे बघायचं. होत असेल तर हप्ते बरोबर आहेत.

अजून एक, कोटेशनमधल्या पहिल्या आयटमांचे रेट नीट बघा. काही जण तोडफोड आणि पाईपचे आकडे फुगवून लावतात आणि रंग-सुतारकामाचे कमी. एकूण बेरीज इतरांएवढीच दिसते, पण टप्प्याटप्प्याने दिलेत तरी पैसे आधीच जास्त जातात. तिन्ही कोटेशनं शेजारी ठेवून आयटमवार बघितली की लगेच कळतं.

पाटीपेन्सिल

हिशोबी +१. वाचनखूण साठवली.

ओळंबा

मी स्वतः याच धंद्यात आहे, गवंडीकामापासून सुरुवात केली, आता छोटी कामं अंगावर घेतो. आमची बाजू पण ऐका.

जुनाखांब, आधी काम मग दाम हे बोलायला छान आहे पण मजुराला आठवड्याला पैसे द्यावे लागतात, त्याला मी तुमचा हप्ता यायचाय म्हणून थांब असं सांगू शकत नाही. पहिल्या आठवड्यात माझा खर्च बघा, तोडायला माणसं, राडारोडा उचलायला गाडी, सिमेंट, वाळू, पाईप, वायरी. टाईल्स आणि प्लायवूडची ऑर्डर दिली की दुकानदार रक्कम मागतो. ज्याचं दुकानात खातं जुनं आहे त्याला महिनाभर उधारी मिळते, तो १० टक्क्यांवर पण काम चालू करू शकतो. नवीन पोरगा असेल, हात चांगला असेल पण बाजारात पत नसेल, तर त्याला रोखीनेच घ्यावं लागतं. तो जास्त अॅडव्हान्स मागतो म्हणजे चोर आहे असं नाही.

पण ५० टक्के मी पण मागत नाही, आणि कोणी मागितले तर मी एक प्रश्न विचारायला सांगतो: यातून पहिल्या पंधरा दिवसांत काय काय येणार त्याची यादी द्या. खरं मटेरियलसाठी हवे असतील तर यादी दहा मिनिटांत मिळते. यादी देता येत नसेल तर बहुतेक तुमच्या पैशातून आधीच्या गिऱ्हाईकाचं अडलेलं काम पुरं होणार आहे. याची टोपी त्याला. आमच्या लाईनीत हे खूप चालतं आणि एकदा त्यात अडकलेला माणूस बाहेर येत नाही, कारण तुमचं काम पुरं करायला त्याला पुढचं गिऱ्हाईक लागतं.

लेखी मागितलं तर दुखावतो का, अहो नाही. मला तर लेखी असलं की बरं पडतं. गिऱ्हाईक पण विसरतं काय ठरलं होतं.

जुनाखांब

ओळंबा, तुमच्यासारखी माणसं असतील तर प्रश्नच नाही. पण मजुरांचा पगार ही कॉन्ट्रॅक्टरची जबाबदारी, गिऱ्हाईकाची कशी? धंदा करायचा तर थोडं भांडवल हवं ना.

ओळंबा

थोडं असतं, सहा कामं एकदम चालू असतील तर नसतं. आणि जो माणूस पूर्ण भांडवल स्वतःचं घालतो तो त्याचा खर्च रेटमध्ये लावतो, तुम्हाला फुकट पडत नाही ते. मी म्हणतो दोघांनी थोडं थोडं घ्यावं अंगावर.

तिरपी_फरशी

मधला रस्ता सांगतो, महागाचं मटेरियल आपण स्वतः घ्या आणि त्याच्याशी फक्त लेबरचा रेट ठरवा. टाईल्स, नळ, कमोड, दिवे, रंग. मग अॅडव्हान्सचा प्रश्न अर्धा संपतो कारण मटेरियल तुमच्या नावावर तुमच्या घरात.

सावली

तिरपी_फरशी, हे नोकरी करणाऱ्यांना जमत नाही. बहिणीने केलं, रोज ऑफिसातून फोन, दोन एल्बो कमी पडले, टाईल्सच्या फटीत भरायच्या ग्राउटचा रंग चुकला, आणि त्या वेळात मिस्त्री बसून. बसलेल्या दिवसाचे पैसे तिलाच द्यावे लागले. शिवाय टाईल फुटली की तो म्हणणार माल खराब होता आणि दुकानदार म्हणणार लावायला चुकली.

तिरपी_फरशी

हो, ते आहे. म्हणून सिमेंट-वाळू-पाईपच्या जोडण्या असलं किरकोळ सगळं त्याच्याकडेच ठेवायचं, मोठ्या दिसणाऱ्या वस्तू फक्त आपण. आणि टाईल्स मोजून तेवढ्याच आणू नका. सरळ लावायच्या तर ५ ते १० टक्के जास्त धरा, तिरप्या लावायच्या तर १५ पर्यंत जातं कारण कडेचे तुकडे वाया जातात. दोन-चार टाईल्स काम झाल्यावर पण जपून ठेवा, पुढे पाईप गळला आणि भिंत फोडली तर तोच रंग परत मिळत नाही. माझ्या बाथरूममध्ये एक चौकोन आज सहा वर्षं वेगळा दिसतोय, रोज सकाळी दिसतो.

वाळूचाकण

टाईल्सवरून आठवलं, कोटेशनमध्ये टाईल्सचा "बेसिक रेट" काय धरलाय ते विचारलंत का उंबरठा? बहुतेक वेळा तो कमी धरलेला असतो. दुकानात गेल्यावर आपल्याला आवडते ती टाईल त्याच्या वरची निघते आणि फरक आपल्या डोक्यावर. नळांचंही तसंच. आणि कर धरून रेट आहे की वेगळा हेही लिहून घ्या, शेवटच्या बिलात हाच आकडा बघून धक्का बसतो. मोजमाप कसं करणार तेही, रंगाचे स्क्वेअर फूट काढताना खिडक्या-दारं वजा करणार की नाही. आमच्या वेळी हे शेवटी बोलायला काढलं आणि दोन दिवस टेप घेऊन भिंती मोजत बसलो दोघं.

गच्चीवरून

हप्ते कशावर बांधायचे या मूळ प्रश्नावर येतो. माझं मत, नुसतं "प्लंबिंग झालं" यावर पैसे देऊ नका, प्लंबिंग *तपासलं* यावर द्या. आणि ती तपासणी भिंत बंद व्हायच्या आधी व्हायला हवी कारण नंतर काहीच दिसत नाही.

पाईपलाईन टाकून झाली की सगळी तोंडं बंद करून हातपंपाने त्यात पाणी दाबतात, दाब दाखवणारा काटा लावतात. नेहमीच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन काही तास तसंच ठेवायचं. काटा खाली आला म्हणजे कुठेतरी जोड गळतोय. हे प्लास्टर करायच्या आधी. त्याच वेळी भिंतींचे फोटो काढून ठेवा, टेप शेजारी धरून, म्हणजे पाईप जमिनीपासून किती आणि कोपऱ्यापासून किती ते फोटोत वाचता येईल. पुढे आरसा लावायला ड्रिल मारताना हेच फोटो वाचवतात.

बाथरूमचं वॉटरप्रूफिंग झालं की नाहणीचं, म्हणजे पाणी जायच्या जाळीचं, तोंड बंद करून पाणी भरून ठेवायचं. निदान २४ तास, जमलं तर ४८. भिंतीवर पेन्सिलने पातळीची रेघ मारायची आणि खालच्यांकडे जाऊन त्यांचं छत बघायचं. मगच टाईल्स. टाईल्स झाल्यावर बादलीभर पाणी ओतून बघायचं, सगळं नाहणीकडे पळतं का कोपऱ्यात साचतं. ढाळ चुकला असेल तर तो आत्ताच दुरुस्त होतो, पैसे दिल्यावर होत नाही. टाईल्सवर नाण्याने ठोकून बघा, भरीव वाजायला हवी. पोकळ वाजली म्हणजे खाली माल नीट बसलेला नाही.

आणि सिमेंटला घाई करून हप्ता मागू देऊ नका. प्लास्टरवर निदान सात दिवस पाणी मारायला हवं. ते नीट सुकायच्या आधी पुट्टी आणि रंग मारला तर पोपडे येणारच. माझ्या इथे रंगाच्या हप्त्यासाठी घाई झाली होती, हॉलच्या एका भिंतीला वर्षाच्या आत फुगे आले. तेव्हा मीच त्याला म्हटलं होतं लवकर उरका म्हणून, ते जास्त लागतं मनाला.

पाटीपेन्सिल

आमच्याकडे काम चालू असताना मुलगी पहिलीत होती. शाळेत बाईंनी गृहपाठ विचारला तर म्हणाली, "दोन दिवसांत होतंय, माणूस सुट्टीवर आहे." बाई घरी फोन करून हसत होत्या.

सावली

हे घरात सहा महिने कॉन्ट्रॅक्टर असल्याशिवाय येत नाही :)

नवखी

प्रश्न छोटा आहे. दोन-तीन दिवसांचं काम असेल, एक खोली रंगवणं किंवा एक दरवाजा बदलणं, तर एवढे टप्पे कशाला? तिथे काय करता?

हिशोबी

तिथे मटेरियलचे पैसे आधी, मजुरी काम झाल्यावर. बास. जेवढं काम लांबणार, जेवढे वेगवेगळे कारागीर येणार, तेवढे टप्पे. दरवाजा मापाने बनवून घ्यायचा असेल तर मात्र बनवणारा निम्मे आधी मागेल आणि त्याचं ते बरोबर आहे, कारण तुमच्या मापाचा दरवाजा तुम्ही घेतला नाहीत तर तो दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. खिडक्यांचंही तेच. उंबरठा, तुमच्या तीन खिडक्या याच कारणासाठी कोटेशनमधून वेगळ्या काढून बघा. त्या ५० टक्क्यांमधला बराच भाग तिथेच असू शकेल.

मातीचेपाय

मी इथे फक्त वाचत असते पण या विषयावर लिहावंसं वाटलं.

माझे वडील फरशीकाम करायचे. लोकांच्या घरात शेवटचा हप्ता म्हणजे काय असतो ते मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितलंय. काम पूर्ण, लोक राहायला आलेले, आणि मग एका कोपऱ्यात ग्राउट थोडं फिकट दिसतं म्हणून सगळे राहिलेले पैसे थांबलेले. ते जाऊन ग्राउट भरून यायचे. मग दुसरं काही निघायचं. मग साहेब घरी नसायचे. आमच्या शाळेच्या फीचं गणित त्या एका हप्त्यावर असायचं. त्यांच्या कॉन्ट्रॅक्टरला पैसे मिळाले नाहीत की यांना मिळायचे नाहीत, आणि गिऱ्हाईकाला तर कधी कळायचंही नाही की त्याने कोणाचे थांबवलेत.

वर सावलीताईंनी लिहिलंय ते खरंच वाईट झालं, मी त्याला कमी लेखत नाहीये. शेवटी पैसे हातात ठेवावेत हे मला पण पटतं. पण ते कशासाठी ठेवलेत ते नाव घालून ठेवा. राहिलेल्या कामांची एकच यादी करा, त्याला सोबत घेऊन खोली-खोली फिरून, दोघांची सही. त्यात नंतर रोज एक नवीन ओळ वाढवायची नाही. आणि यादी संपली त्याच दिवशी पैसे द्या, "पुढच्या आठवड्यात बघू" नको. वेळेवर पैसे देणाऱ्याच्या घरी कारागीर परत बोलावल्यावर येतो, हे मी बघितलंय.

ओळंबा

मातीचेपाय, तुम्ही लिहिलंत ते वाचून थोडा वेळ थांबलो. माझ्या मिस्त्रीला वाचून दाखवलं.

जुनाखांब

मातीचेपाय, पटलं. माझं पहिलं उत्तर एकांगी होतं. मी स्वतः पण एका रंगाऱ्याचे दोन महिने अडकवले होते, तेव्हा मला वाटत होतं मी बरोबर आहे.

वाळूचाकण

यावरून एक विचारतो. काम चालू असताना गवंडी माझ्याकडे आला, म्हणाला दोन आठवडे पैसे मिळाले नाहीत, घरी पाठवायचेत. मला वाईट वाटलं, मी परस्पर दिले. नंतर कॉन्ट्रॅक्टरने ते हिशोबात धरायला नकार दिला, म्हणाला मी त्याला दिलेच होते. चूक कोणाची?

ओळंबा

देताना कॉन्ट्रॅक्टरला फोन लावून तिघांमध्ये बोलायला हवं होतं. मेसेज टाकायचा की आज अमुक रक्कम तुमच्या माणसाला दिली, पुढच्या हप्त्यातून वजा, आणि त्याचं "हो" आल्यावर द्यायचे. पण तुम्ही दिलेत ते वाईट नाही केलंत. उलट तो धोक्याचा कंदील असतो. मजुराचे आणि दुकानदाराचे पैसे थकायला लागले की ओळखायचं, तुम्ही दिलेले पैसे दुसरीकडे जातायत. पुढचा हप्ता देण्याआधी दुकानदाराची पैसे मिळाल्याची पावती बघायला मागा, नाहीतर तो दुकानदार पुढे तुमच्या दारात येतो.

तिरपी_फरशी

वाढीव कामाबद्दल कोणी लिहिलं नाही अजून! सगळ्यात जास्त भांडणं तिथेच होतात. भिंत फोडल्यावर आत जुना पाईप गंजलेला निघाला, बायकोला वाटलं इथे एक कपाट हवं, चार प्लग पॉइंट वाढवा. प्रत्येक वेळी तो म्हणतो "करून टाकतो, बघू नंतर", आणि नंतर बघितलं की मूळ कामाच्या २० टक्के एक्स्ट्रा. माझा नियम, करायच्या आधी मेसेजवर तीन गोष्टी: काय, किती पैसे, किती दिवस वाढणार. मी "ठीक आहे" लिहिल्याशिवाय करायचं नाही. आणि आपणही मनात १०-१५ टक्के बाजूला ठेवूनच सुरुवात करायची, जुन्या घरात भिंतीमागे काय आहे ते कोणालाच माहीत नसतं, त्या माणसालाही नसतं.

गच्चीवरून

आणि वाढीव कामाचे पैसे मूळ हप्त्यांत मिसळू नका. वेगळं पान. नाहीतर सातव्या हप्त्याला दोघांनाही कळत नाही कशाचे किती झाले.

पैसे बँकेतून द्या, सोबत कशाचा हप्ता ते लिहून. रोख द्यावेच लागले तर वहीत तारीख, रक्कम, सही.

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल त्याला घरी बोलावून दोन तास बसलो. सांगतो काय झालं.

आधी ओळंबांनी सांगितलेला प्रश्न विचारला, पहिल्या पंधरा दिवसांत काय येणार. त्याने तिथेच बसून यादी लिहिली. त्यात खिडक्याच सगळ्यात मोठ्या निघाल्या, हिशोबींचा अंदाज बरोबर. त्या आम्ही कोटेशनमधून काढल्या, खिडकीवाल्याला मी थेट निम्मे देणार आणि बसवून झाल्यावर निम्मे. त्या गेल्यावर ५० ची गरजच उरली नाही, तोच म्हणाला.

मग उरलेल्या कामाचे हप्ते असे झाले. सुरुवातीला १०, पहिलं मटेरियल घरात उतरलं की १०. पाईप आणि वायरिंग होऊन दाबाची तपासणी झाली की १५. दोन्ही बाथरूममध्ये पाणी भरून ४८ तास निघाले की १०. टाईल्स पूर्ण झाल्या आणि ढाळ बघितला की १५. ओटा आणि कपाटं शटर लागून १५. रंग, नळ, दिवे झाल्यावर १०. सह्या केलेली यादी संपली त्याच दिवशी १०. आणि शेवटचे ५ तीन महिन्यांनी.

या ५ वर तो अडला. म्हणतो तीन महिन्यांनी कोण देतं, आतापर्यंत एकानेही दिलेले नाहीत. मला त्याचंही खरं वाटलं. काय करू?

हिशोबी

ते सोडू नका. गळती, दाराचं फुगणं, भेगा हे सगळं वापर सुरू झाल्यावरच कळतं. मोठ्या बांधकामांत ५ ते १० टक्के असे ठेवतातच.

मातीचेपाय

त्याला भीती आहे की मिळणार नाहीत. मग तारीख लिहून द्या. अमुक तारखेला देणार, आणि फक्त गळती आणि सुतारकामातला बिघाड यासाठीच थांबवता येतील, रंगाचा डाग किंवा ओरखडा यासाठी नाही, असं स्पष्ट लिहा.

ओळंबा

हेच लिहिणार होतो. कशासाठी थांबेल ते लिहिलेलं असलं तर मी पण सही करतो. बाकी हप्ते वेळेवर दिलेत की या ५ चं त्याला काही वाटणार नाही. तपासणी झाली की दुसऱ्या दिवशी पैसे, एवढं पाळा. आणि यादी संपल्यावरचे ते १० देताना नळांची, गीझरची वॉरंटी कार्डं, वॉटरप्रूफिंगची हमी आणि वायरिंग कुठून कुठे गेलंय त्याचा कागद मागून घ्या, नंतर कोणी शोधून देत नाही.

नवखी

उंबरठा, आणि तुमचा तो दुसरा प्रश्न? दुखावला का?

उंबरठा

नाही. जाताना म्हणाला, साहेब हप्त्यांचा कागद मला पण एक द्या, माझ्या सुताराला दाखवतो. मातीचेपाय यांनी सुचवलेलं वाक्य जसंच्या तसं घातलं, तारीख घातली, त्याने सही केली.

सावली

किती बरं वाटलं वाचून. काम चालू झालं की लिहीत राहा.

उंबरठा

पाच आठवड्यांनी लिहितोय. तोडफोड, पाईप, वायरिंग झालं. दाबाच्या तपासणीत एक जोड गळत होता, स्वयंपाकघरातल्या सिंकमागचा, भिंत उघडी होती म्हणून पंधरा मिनिटांत बदलला. तो स्वतःच म्हणाला की एरवी हे टाईल्स लागल्यावर कळलं असतं. परवा सकाळी दोन्ही बाथरूममध्ये पाणी भरलं आणि पेन्सिलची रेघ मारली. रात्री दोनदा उठून टॉर्च घेऊन बघून आलो, बायको पण आली मागोमाग.

आज सकाळी ४८ तास झाले. पाणी जवळपास रेघेवरच आहे. खालच्यांकडे जाऊन आलो, छत कोरडं. १० टक्क्यांचा हप्ता आत्ता पाठवला, टाईल्सवाले उद्या येतायत.